कानाच्या मशीनचा ड्रायव्हर

माझ्या वडिलांना मागून हाक मारण्यात काही अर्थ नसायचा. समोर जायचं, त्यांची नजर वर येईपर्यंत थांबायचं आणि मग तोंड नीट उघडून बोलायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, मोठे होत गेलो तसं आपोआप आलं. बाबा सोळाव्या वर्षापासून भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. पत्र्याच्या कारखान्यात चोवीस लूम, आणि शिफ्ट बारा तासांची. तिथे शेजारी उभ्या माणसाचाही आवाज पोचत नाही, म्हणून लूमवाले ओठांनी आणि हातांनी बोलतात. पन्नाशीला येईपर्यंत बाबांचे कान गेले होते, आणि ही गोष्ट सगळ्यात शेवटी त्यांना स्वतःला कळली, कारण कारखान्यात त्यांचं काही अडतच नव्हतं.

आईने त्यावर आपल्यापुरता उपाय काढला होता. बाबांशी बोलताना ती आवाज काढायचीच नाही. नुसते ओठ हलवायची. जो आवाज पोचत नाही त्याला कशाला शिणवायचं, असा तिचा हिशेब. त्यामुळे दोघांचं भांडण लागलं की आळीला फक्त बाबाच ऐकू यायचे. आई म्हणजे गरीब गाय आणि तिच्या पदरी हा तापट माणूस, असं शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. खरं तर बाबांची पाच वाक्यं होईपर्यंत आईची पन्नास झालेली असायची, आणि त्यातली निम्मी पोरांना कळू नयेत अशी असणार, हे बाबांच्या चेहऱ्यावरूनच समजायचं. आमच्याशी मात्र ती भरल्या आवाजात बोलायची. गावात कुणाकडे हळद असली की गाणी म्हणायला तिला आधी बोलावणं यायचं, आणि तिचं गाणं रंगात आलं की बाबा मांडवाच्या कडेला बसून लोकांच्या माना हलताना बघायचे.

मग तिचा आवाज बसला. पाणी बदललं असेल म्हणत आम्ही दोन महिने हळदीच्या दुधावर आणि खडीसाखरेवर काढले. त्या दोन महिन्यांबद्दल मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही, पण आज सांगायची गोष्ट ती नाही. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. घशाचा कॅन्सर निघाला, आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली ती बावीस दिवसांनंतरची.

बाबांना हे आईनेच सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, तिच्या नेहमीच्या मुक्या पद्धतीने. बाबांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग माझ्याकडे वळले.

"म्हंजे तिचा आवाज कायमचा जानार?"

मी मान हलवली.

"तू शालंत जात व्हतीस तवा मी त्यो शेवटचा आयकला." बाबांना आपला आवाज किती मोठा होतोय ते कळायचं नाही, त्यामुळे हे आळीनेही ऐकलं असणार. "मना कानाचा मशीन पायजे, बाय. तारखेच्या आदी पायजे. मना येकदा तिचा आवाज आयकाचा हाय."

हेच बाबा आठ वर्षं कानाच्या मशीनला नाही म्हणत होते. खिशात ठेवायचं एक जुनं यंत्र मी एकदा आणलं होतं, तर त्यात नुसता कारखानाच ऐकू येतो म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं होतं. आता ते स्वतः मागत होते, आणि मागणारा माणूस माझा बाप होता. मी म्हटलं, मिळेल. मला खात्रीच होती, आणि तसं कारणही होतं.

कल्याण रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आगरी घरातली पोर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते याचं लोकांना सुरुवातीला हसू यायचं, मग सवय झाली. वडप्याच्या गोडाऊनांपासून गावातल्या दवाखान्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणची मशीनं मी सांभाळायचे. त्यातच कानाच्या एका मॅडमचा दवाखाना होता. मॅडम भिवंडीच्याच, जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या, आणि अर्ध्या गावाचे कान त्यांनी तपासलेले. त्यांच्याकडे चारच महिन्यांपूर्वी मी नवा कॉम्प्युटर बसवला होता, आणि त्याला माझ्या हाताने कुलपं घातली होती.

त्या कुलपांचं सांगायला हवं. त्या काळात पेनड्राइव्ह म्हणजे साथीचा रोग होता. कुणीही यायचं, पेनड्राइव्ह खुपसायचं आणि मागे व्हायरस सोडून जायचं. त्यात मॅडमकडचे चाचा, जे नंबर लावायचे आणि कॉम्प्युटरवर पेशंटची नावं भरायचे, ते मूळचे लूमवाले. स्क्रीनवर कुठलाही प्रश्न आला की ते 'येस' दाबायचे. "बेटा, मशीन पूछ रहा है तो हाँ बोल दो, काम रुकना नहीं चाहिए," हे त्यांचं तत्त्व. लूमवर ते बरोबरही होतं. पण त्या 'येस'पायी मॅडमची दोन वर्षांची कागदपत्रं गेली, आणि मी भडकले. नवा कॉम्प्युटर देताना मी सगळ्यात नवी, सगळ्यात कडक सिस्टीम टाकली. अँटिव्हायरसला सांगितलं, कुणाला काही विचारायचं नाही. संशय आला की फाइल उडवायची आणि गप्प बसायचं. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. त्या दिवशी मी घरी गेले ती शीळ घालतच.

बाबांच्या कानाचं माप झालं, आठवड्याभरात मशीन आलं. शेंगदाण्याएवढं, डिजिटल. पण ते कानात घातलं की लगेच ऐकू येतं असं नसतं. आधी ते बारीक वायरीने एका डबीला जोडायचं, डबी कॉम्प्युटरला जोडायची, आणि त्या माणसाचं नेमकं काय गेलंय ते बघून मशीन जुळवायचं. तोवर ते म्हणजे कानात अडकलेला खडा. मॅडम हे काम कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर करायच्या, आणि नेमका त्याच आठवड्यात लोडशेडिंगनंतर आलेल्या विजेच्या झटक्याने त्याचा बोर्ड जळाला. जुळवायचा प्रोग्राम दवाखान्याबाहेरच्या कॉम्प्युटरवर चालायचा नाही. मी म्हटलं, त्यात काय, डबी इथल्या नव्या कॉम्प्युटरला लावू. डबीची आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणारा एक लहानसा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो टाकला की झालं. असे ड्रायव्हर मी दिवसाला दहा टाकायचे.

बाबा दाढी करून, लग्नाला घालायचा शर्ट घालून आले. आई सोबत. मॅडमची एक पद्धत होती: मशीन सुरू झालं की पहिला आवाज घरच्या माणसाचा जायला हवा, डॉक्टरचा नाही. म्हणून त्यांनी आईला बाबांच्या अगदी समोर बसवलं. आई पदराशी खेळत बसली. इतक्या वर्षांनी नवऱ्याशी आवाज काढून बोलायचं म्हणजे तिला लाज वाटत होती. मला तेव्हा ते बघून हसू आलं होतं.

मी सीडी घातली. सिस्टीमने सांगितलं, या ड्रायव्हरवर ओळखीची सही नाही, तो मी घेणार नाही. खाली एकच बटण होतं, 'ओके'. नकार समजला असं कबूल करण्याशिवाय त्या चौकटीने मला काही ठेवलंच नव्हतं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. ड्रायव्हर अस्सल होता, मशीन बनवणाऱ्या कंपनीचाच होता, फक्त जुना होता, आणि मी बसवलेल्या नव्या सिस्टीमला जुन्यांवर विश्वास नव्हता. बाबा माझा चेहरा बघत होते. आयुष्यभर चेहरेच वाचलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार? त्यांनी आईकडे पाहिलं. तिने ओठ हलवले, आणि तेवढं मलाही कळलं, "कॉम्प्युटर न्हाय म्हनतोय."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "अगं, त्यांना ठाण्याला घेऊन जा. कंपनीचं तिथे सेंटर आहे, मी फोन करते, एका तासाचं काम."

मी नको म्हटलं. दोन दिवसांत नवा ड्रायव्हर मागवते म्हटलं. हे मी का म्हणाले ते मला नीट माहीत आहे. जे मशीन मी बसवलं ते मला नाही म्हणतंय, आणि मी बापाला घेऊन दुसऱ्याच्या दारात जाऊ? माझं नाक मध्ये आलं. त्या दिवशी ठाण्याची बस धरली असती तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

कंपनीचा माणूस फोनवर सभ्य होता. नव्या सिस्टीमसाठी सही असलेला ड्रायव्हर निघालाय, सीडी पाठवतो म्हणाला. चार दिवसांनी कुरियर आलं. मी सीडी घातली, आणि या वेळी सिस्टीमने कुरकुर केली नाही. हिरवी पट्टी सरकत गेली. पार शेवटाला आली आणि थांबली. एक फाइल सापडत नाही, म्हणे. सीडी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तीच फाइल नाही. मी त्या सभ्य माणसाला फोन करून नको नको ते बोलले. तुमच्या सीडीवर फाइलच नाही, झोपा काढता का, म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर त्याच सीडीने होतंय." मी म्हटलं, दुसरी पाठवा.

दुसरी यायला आणखी पाच दिवस. त्यात मधला शुक्रवार गेला. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, आणि एरवी जमिनीतून येणारी ती थरथर थांबते. त्या दिवशी आई ओसरीवर तांदूळ निवडताना माझ्याशी बोलत होती, आणि तिचा आवाज इतका खाली गेला होता की त्या शांततेतही मला पुढे वाकावं लागलं. मला भीती वाटली. तारखेची नव्हे, तारखेच्या आधीच तो संपेल याची.

दुसरी सीडीही त्याच जागी थांबली. तीच फाइल नाही. मॅडम पुन्हा ठाण्याचं म्हणाल्या, आणि या वेळी मी हो म्हटलं, पण आता दिवस उरले नव्हते. रक्त, छाती, भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी. आईला एक दिवसाआड मुंबईला न्यावं लागत होतं, आणि बाबा तिला एकटीला सोडायला तयार नव्हते. "तू कर, बाय," ते मला म्हणायचे, "तू करशील." त्यांच्या या विश्वासाचा मला राग यायचा. मी दुपारी दुकान बंद करून मॅडमच्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, सगळं उचकून बघायचे, आणि वीज गेली की अंधारात तशीच बसून राहायचे.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी दोघं पिशवी घेऊन थेट मॅडमच्या दवाखान्यात आली. शेवटचा एकदा प्रयत्न करू म्हटलं. बाबा खुर्चीत, आई समोर, मशीन कानात, वायर डबीला. हिरवी पट्टी सरकली आणि त्याच जागी थांबली. मी उठले नाही, स्क्रीनकडे बघत राहिले, कारण मागे वळायची हिंमत नव्हती.

आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गाडी चुकंल."

मग तिने वाकून बाबांच्या कानातलं ते मेलेलं मशीन काढलं, त्या कानाला तोंड लावलं आणि उरलासुरला सगळा आवाज एकवटून काहीतरी म्हणाली. घोगरा, फाटका आवाज. काय म्हणाली ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं होतं. बाबांनी जोरजोरात मान हलवली. "आयकला! आयकला मी!" आईचा चेहरा असा फुलला की मॅडमनी डोळे पुसले. पण मी आता वळून बाबांच्या बाजूला उभी होते. कानाला लागलेल्या तिच्या तोंडामुळे त्यांना तिचे ओठ दिसत नव्हते, आणि त्यांची नजर भिंतीवर नुसती फिरत होती. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. बाबा खोटं बोलले, आणि माझ्या माहितीत तिच्याशी ते एवढंच एकदा खोटं बोलले.

ऑपरेशन नीट झालं. आई वाचली. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं वाचून माझ्या दुःखाला हसावंसं वाटेल.

तिसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले होते ते चाचांचा प्रिंटर बघायला. सहज म्हणून अँटिव्हायरसची वही उघडली, म्हणजे त्याने आजवर काय काय केलं त्याची यादी. त्यात ती फाइल होती. माझी, सापडत नसलेली. कुरियरच्या पहिल्या सीडीच्या दिवशी उडवली. दुसऱ्या सीडीच्या दिवशी उडवली. आई दाखल झाली त्या सकाळी उडवली. जितक्या वेळा मी ती आत आणली तितक्या वेळा त्याने ती संशयाने पकडून नष्ट केली होती, आणि एकदाही मला सांगितलं नव्हतं. कारण कुणाला काही विचारायचं नाही, गप्प बसायचं, असं त्याला मीच बजावलं होतं. चाचांना सगळ्याला 'येस' म्हणायची खोड म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं, आणि मग स्वतःच विसरले की ते बोलत नाहीये. सीडी चांगली होती. तो माणूस खरं सांगत होता. मी पासवर्ड टाकला, त्या एका फाइलला मोकळीक दिली आणि ड्रायव्हर बसला. अकरा मिनिटं लागली. चाचांनी पाणी आणून दिलं. मी त्यांच्यासमोर रडले, मोठ्याने, लहान पोरासारखी, आणि ते बिचारे म्हणत राहिले, "हो गया ना बेटा, अब तो हो गया."

आई घरी आल्यावर बाबांचं मशीन जुळवलं. मॅडमनी स्क्रीनवरची आवाजाची एकेक पट्टी वर चढवत नेली आणि बाबा दचकले. वर बघून म्हणाले, "ह्यो पंखा इतका वराडतो?" मग माझ्याकडे वळले. बोल म्हणाले. मी बोलले. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुजा आवाज माज्या आयसारखा हाय. कोनी सांगितला न्हाय मना."

घरी मात्र त्यांच्यात काहीच बदललं नाही. आईच्या गळ्याला श्वासासाठी पाडलेलं भोक, त्यावर पांढरं फडकं, ती ओठ हलवायची आणि बाबांना सगळं कळायचं. आम्हालाच कळायचं नाही. आम्ही तिच्या बोलण्याला नेहमी कानच दिले होते, डोळे कधी दिलेच नव्हते. बाबा आम्हाला समजावून सांगायचे, "ती म्हनते मीठ जास्ती जाला." एकदा मला म्हणाले, "तिच्या गल्यातून वारा येतो जातो, त्यो आयकू येतो मना. बरा वाटतो." हे ऐकून मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

महिन्याभराने एका दुपारी बाबा माझ्या दुकानात येऊन बसले होते. आता त्यांना बाजारात बसायला आवडायचं, हॉर्न, रिक्षा, भांडणं, सगळं ऐकायला. एक टेंपोवाला मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायला आला होता. मी गाणी भरून दिली, एक वाजवून दाखवलं आणि तो गेला. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"ह्यो गानारा जिता हाय?"

"नाही बाबा. जाऊन खूप वर्षं झाली."

"तरी त्याचा आवाज ऱ्हायला." ते काउंटरकडे सरकले. "ह्ये मोठी लोकाच करतान का? का आपला साधा मानूस बोलला, त्यो बी भरून ठेवता येतो?"

"येतो की," मी म्हणाले. "कुणाचाही येतो. मोबाइलमध्येसुद्धा येतो." माझ्या मागच्या फळीवर माइकचे पाच हेडफोन टांगलेले होते. बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आई ऐकत असल्यासारखा आवाज खाली आणला आणि कानातलं मशीन बोटाने नीट बसवलं.

"मंग लाव," ते म्हणाले. "तिचा भरला असशील ना तू? बावीस दिस व्हतं तुज्याकडं."

मी नाही म्हणाले. अगदी हळू म्हणाले, तरी त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं.